सायीचा वाटा

बोरिवलीच्या एका हॉलमध्ये परवा भाचीची हळद झाली. मंडप पिवळा, साड्या पिवळ्या, झेंडूच्या माळा, फोटोवाल्यांची लगबग. वाटीत बोटं बुडवून मी तिच्या गालाला हळद लावली आणि सवयीनं बोट नाकाशी नेलं. गुलाबपाण्याचा वास होता, थोडा चंदनासारखाही होता, हळदीचा नव्हता. "खरी हळद लावली की डाग राहतो, मावशी. उद्या मेकअप बसत नाही," शेजारच्या मुलीनं समजावलं. तिचं चूक नव्हतं. तरी घरी येईपर्यंत मला चैन पडेना. हळदीच्या त्या कच्च्या, मातकट, तुरट वासाला माझ्यापुरता एक चेहरा जोडलेला आहे. तो माझ्या आत्याचा.

आम्ही अंधेरी पूर्वेला, कोलडोंगरीतल्या चाळीत राहायचो. दुसऱ्या दिवशी आत्याला पाहायला पाहुणे येणार असले की संध्याकाळी आजी तिला मोरीजवळ पाटावर बसवायची. वाटीत डाळीचं पीठ, सायीचा गोळा, चिमूटभर हळद. आजीचा अंगठा नाकाच्या कडांवरून, हनुवटीखालून, कानांच्या मागून फिरायचा. लेप वाळत आला की आजी बजावायची, "हसू नकोस, तडे जातील." एकदा आत्या त्या बजावण्यालाच हसली. डाव्या गालावर बारीक तडा गेला. आजीनं बोट वाटीत बुडवलं आणि तो तडा हलकेच भरून काढला. भिंतीला नुकताच गिलावा केलेल्या गवंड्यासारखी ती मग जरा मागं सरून बघत राहिली. मी दाराच्या चौकटीशी उभी होते. त्वचेची निगा असं कुणी म्हटलं की पन्नास वर्षांनंतरही मला तोच भरलेला तडा दिसतो.

ती साय कुठून यायची, हेही सांगायला हवं. आमच्याकडे आरेचं दूध यायचं. केंद्रावर पहाटे रांग लावायची, कार्ड दाखवायचं, काचेच्या बाटल्या घेऊन यायचं. मुंबईतल्या गोठ्यांमधल्या म्हशी शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. त्यामागे होते दारा खुरोडी. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मिळाला. गोरगरिबांच्या मुलांना परवडावं म्हणून म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर घालून त्यातला स्निग्धांश ३ टक्क्यांवर आणायचा, या टोन्ड दुधाचं श्रेयही खुरोडींनाच देतात. या दुधानं लाखो मुलं वाढली, आम्हीही वाढलो. पण त्यावर साय अशी धरायचीच नाही. म्हणून पाहुणे येणार असले की आजी जोगेश्वरीच्या तबेल्यातून येणाऱ्या भय्याकडून पावशेर म्हशीचं दूध वेगळं घ्यायची. एरवी साय धरली तर ती विरजणाच्या भांड्यात जायची. तिचं लोणी, त्याचं तूप, ते तूप वडिलांच्या आणि काकांच्या भातावर. आत्याच्या वाट्याला साय यायची ती अशी, चेहऱ्यावर आणि कारणापुरती.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला. निघताना मुलाची मावशी जिन्यात आईला म्हणाली, "मुलगी छान आहे हो, पण..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, ती आज हयात असेल असंही वाटत नाही. तरी तिला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. आमच्या घरातल्या सर्वांत हुशार, सर्वांत गोड गळ्याच्या मुलीला तिनं एका "पण"मध्ये संपवलं.

त्याच सुमारास, १९७५ साली, चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या दोन ट्यूब बाजारात आल्या. एक फेअर अँड लव्हली. ती आणणाऱ्या हिंदुस्तान लिव्हरचं संशोधन केंद्र चकाल्याला, आमच्यापासून फार लांब नव्हतं. तिच्यात नायसिनामाइड होतं, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्वचेत तयार झालेलं रंगद्रव्य वरच्या पेशींपर्यंत पोहोचण्यात ते अडथळा आणतं. दुसरी ट्यूब विको टर्मरिक. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या कंपनीची, हळद आणि चंदनतेलाची. हे प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खात्याशी तिचा वाद वर्षानुवर्षं चालला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे कंपनीच्या बाजूनं निकाल लागला. पहिल्या ट्यूबच्या नावातला "फेअर" निघायला २०२० साल उजाडलं. या काळात आमच्या चाळीत, आणि चाळीसारख्या हजारो घरांत, किती मुली आरशासमोर उभ्या राहून गालाचा रंग कपाळाशी ताडून पाहत होत्या, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

इथं हळदीच्या पेटंटची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही, जागा तिची नसली तरी. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखमेवर हळद लावण्याच्या वापरावर पेटंट मिळालं. रघुनाथ माशेलकर त्याच वर्षी सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेचे महासंचालक झाले. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले, मुंबईत गिरगावात वाढलेले. आपल्या आया-आज्या जे पिढ्यान् पिढ्या करत आल्या, त्याला नवा शोध कसं म्हणायचं? संस्थेनं आव्हान दिलं, बत्तीस दाखले पुढं ठेवले. त्यांत संस्कृत ग्रंथ होते, १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला फार अभिमान वाटला, तो आजही आहे. पण अभिमानाच्या पोटात एक प्रश्नही होता. बोट कापलं तर हळद, इथवर आजीच्या बाजूनं मी कुठल्याही कोर्टात उभी राहीन. लेकीचा रंग उजळावा म्हणून हळद, त्याचा दाखला कुठल्या ग्रंथातून काढायचा, आणि का काढायचा?

वाटीतल्या गोष्टी खरंच काय करतात, हे मी पुढे समजून घेतलं. डाळीचं पीठ तेल शोषतं आणि मळ सोडवतं. साबण क्षारधर्मी, त्वचा जराशी आम्लधर्मी. म्हणून कोरड्या अंगाला साबणापेक्षा पीठ सोसवतं. सायीतला स्निग्धांश ओलावा धरून ठेवतो. कुणी दही लावतं, त्यातलं लॅक्टिक आम्ल मेलेला पापुद्रा हलकेच सुटा करतं. हळदीनं सूज उतरायला मदत होते, पण तिच्यातलं कर्क्युमिन त्वचेत फारसं मुरत नाही. वर दिसतो तो तिचा पिवळेपणा. लिंबू मात्र चेहऱ्याला लावू नये, हे मी भेटेल त्या मुलीला सांगते. ते फार आम्ल असतं, आणि लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे डाग राहू शकतात. मसूर डाळीचं पीठही फार घासलं की कातडी सोलवटते. आणि यातली एकही गोष्ट जन्मजात रंग बदलत नाही. बदलायला हवा असं मानणंच मुळात वाईट आहे, हे या सगळ्या माहितीहून मोठं आहे, आणि ते मला कुठल्याही पुस्तकाआधी त्या जिन्यात कळलं होतं.

आत्यानं लग्न केलं नाही. मुलुंडच्या शाळेत शिकवलं, तिथंच घर घेतलं, तिथंच ती आता राहते. बोरिवलीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तिच्याकडे गेले. इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं: तुला आजीचा राग नाही आला कधी? त्या लेपाचा, त्या पाटावर बसण्याचा?

ती म्हणाली, "राग? अगं, मी वाट बघायचे. पाहुण्यांची नाही, त्या संध्याकाळची. आईचा हात एरवी कुठं रिकामा असायचा? त्या दिवशीच तेवढा माझ्या चेहऱ्यावर यायचा."

मी गप्प राहिले. लहानपणी दाराच्या चौकटीशी उभी राहून मी जे पाहत होते, त्यात माया आणि अपमान एकाच वाटीत कालवलेले होते. आजीला ते वेगळे करता आले नाहीत. तिच्या जगात लेकीवर मायेनं हात फिरवायलाही एखादं कारण लागायचं, आणि ते कारण परक्या माणसांनी पुरवायचं. साय घरचीच होती, हातही आईचाच. हुकूम तेवढा बाहेरून यायचा.

मग आत्या आजीच्या टाचांबद्दल बोलू लागली. त्या मी साफ विसरले होते. चाळीच्या ओल्या मोरीत दिवसभर उभं राहून, राखेनं भांडी घासून आजीच्या टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. गावाकडून, मालवणहून, कोकमाचं तेल यायचं. बियांपासून काढलेलं, घट्ट, फिकट पांढरं, लाडवासारखं वळलेलं. ते साध्या हवेत वितळत नाही. रात्री सगळे झोपले की आजी पळीत त्याचा तुकडा घेऊन स्टोव्हवर धरायची आणि कोमट थेंब भेगांत सोडायची. स्वतःच. आत्या म्हणाली, "तिचे पाय चेपायला आम्ही बसायचो, पण तेल लावून दे असं तिनं कधी म्हटलं नाही, आणि आम्हालाही सुचलं नाही." तेच तेल आता कोकम बटर म्हणून जगभरच्या मलमांत जातं, छोट्याशा डबीला बरीच किंमत पडते.

मुलुंडहून गाडीत बसल्यावर मी बायकांचे हात पाहत होते. चेहऱ्यांना सगळ्यांनी काही ना काही लावलेलं होतं. हातांना कुणीच नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी कातडी जपायची म्हणतो आपण, आणि त्याच स्वयंपाकघरात कुणाची कातडी जाते ते बघत नाही. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई सकाळपासून घरोघर साबणाच्या पाण्यात हात घालतात. बोटांच्या बेचक्यांत लाल चिरा आहेत, पावसाळ्यात तुंबलेल्या गल्लीतून येताना पायांना चिखल्या होतात. हातमोजे मी आणून दिले होते. काचेची भांडी त्यांतून निसटतात, म्हणून त्या घालत नाहीत.

मी ओट्यावर, घासणीशेजारी, खोबरेल तेलाची वाटी ठेवली आहे. चिखल्यांवर नुसतं तेल पुरत नाही, बुरशी असते ती, त्याचं मलम वेगळं, तेही आणलं. आणि आठवड्यातून एक दिवस त्यांनी आमच्याकडे भांडी घासायची नाहीत, पगार तोच, असं ठरवलं. कारण चिरा तेलानं भरत असल्या तरी त्या पडतात पाण्यानं, आणि पाण्यातून हात बाहेर राहिल्याखेरीज कुठलंही तेल पुरं पडत नाही. ताईंनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कधी लावायचं, भांड्यांच्या आधी की नंतर?"

"दोन्ही वेळा," मी म्हणाले. "आणि घरी जाताना थोडं घेऊन जा, रात्री झोपताना लावायला. मुलीला सांगा लावून द्यायला."