हट्ट नव्हे, हैराणी

आपल्या घरांत मूल रडू-किंचाळू लागलं की कारणं दोनच ठरलेली: लाड जास्त झाले, नाहीतर नजर लागली. माझ्या धाकट्या बहिणीच्या आठ वर्षांच्या स्वमग्न मुलाबद्दल दोन्ही बोलून झालं. ईदच्या नव्या कुर्त्यात तो किंचाळायचा, लग्नघरी कान झाकून कोपऱ्यात बसायचा. लोकांच्या नजरा सहन होईनात, तेव्हा बहिणीने दावतींना जाणंच सोडलं.

वीस वर्षं वर्गात मुलं पाहिल्यावर मी एवढं सांगू शकते, हा हट्ट नव्हे. जरीचा काठ, कॉलरमागचं लेबल, मिक्सरचा आवाज, अत्तराचा वास या गोष्टींची आपल्याला थोड्याच वेळात सवय होते. अनेक स्वमग्न मुलांना ती होत नाही. काहींना उलट संवेदना कमी जाणवतात, म्हणून ती गोल फिरतात, उड्या मारतात. संवेदनांचं हे वेगळेपण २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-निकषांतही आहे.

ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या सल्ल्याने बहिणीने घरात साधे बदल केले. नवा कुर्ता तीन-चारदा धुऊन मऊ केला, लेबल कापलं. कणीक मळणं, पाण्याची छोटी बादली उचलणं अशी जोराची कामं त्याच्याकडे आली. ती केल्यावर तो निवांत बसतो. डब्यांची झाकणं ओळीने लावणं हा त्याचा आवडता खेळ. ती ओळ आम्ही मोडत नाही. एक झाकण तो ठेवतो, एक मी. पाळी म्हणजे काय, ते तो तिथे शिकला.

बटणं लावायला शिकवताना क्रम उलटा ठेवला. बाकीची अम्मी लावते, शेवटचं तो. ते जमलं की शेवटची दोन. काम पुरं केल्याची खुशी दरवेळी त्याच्याच वाट्याला येते. वुजूच्या पायऱ्यांची चित्रं नळाजवळ लावली आहेत. तोंडावर पाणी घेण्याआधी "एक, दोन, तीन" मोजतो, म्हणजे तो दचकत नाही. अल्हम्दुलिल्लाह, आता आकडे तोच मोजतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. अशा मुलाचं प्रमाणपत्र जरूर काढा, त्यात लाज कसली? आणि भगिनींनो, पुढच्या दावतीचं बोलावणं करताना अशा आईला एवढंच सांगा, "मागची खोली रिकामी ठेवली आहे, लेकराला घेऊनच या."