ओरिजिनल कार्ड दाखवा

थीम पार्कच्या तिकिटांच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते : सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांना सवलत, ओरिजिनल ओळखपत्र आवश्यक. ओळ वाचायला सोपी आहे. अडचण ‘कुटुंबीय’ या शब्दात आहे. घरात आपण ज्यांना कुटुंब म्हणतो आणि ओळखपत्र ज्यांना कुटुंब म्हणतं, त्या दोन वेगळ्या याद्या असतात. फौजीच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कळतं.

आमचं घर नांदेडला, आईचं माहेर लातूर जिल्ह्यात अहमदपूरजवळ. अप्पा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी एसजीजीएसमधून इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्याकडे सहल म्हटलं की आधी हैदराबाद आठवतं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं, पण नांदेडहून तिथं जायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. हैदराबादला सकाळी निघालेला माणूस दुपारी पोचतो. म्हणून २०२५च्या दिवाळीत आम्ही सात जण तिकडच्याच एका मोठ्या पार्कला गेलो : अप्पा, आई, मी, लातूरहून आलेले ताई-दाजी, त्यांची सहा वर्षांची मुलगी आणि सुट्टीवर आलेला माझा मावसभाऊ.

खिडकीवरच्या मुलानं हिंदीत विचारलं, “फौजी कौन है?” अप्पांनी माजी सैनिकाचं कार्ड पुढं केलं. आईनं तिचं केलं. मावसभावानं त्याचं. तीन तिकिटं सवलतीत निघाली, चार पूर्ण दरानं.

“आणि ही?” अप्पांनी नातीकडं बोट दाखवलं.

“अंकल, नातिन फॅमिली में नहीं आती.”

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांना नियम माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात, कुणी मागितलं नसताना, त्यांनी माझं कार्ड जमा करून टाकलं होतं.

हे नियम पार्कवाल्यांनी बनवलेले नसतात. ते फक्त कार्ड बघतात. कार्ड कुणाला द्यायचं हे आधीच ठरलेलं असतं. उदाहरणार्थ माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस. ती १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिच्यात मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर आश्रित असतो. मुलीला वयाची अट नाही, पण लग्न झालं किंवा कमाई सुरू झाली की तिचं नाव निघतं. आईवडिलांना आश्रित दाखवायचं तर त्यांचं उत्पन्न दरमहा ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढ्याच्या आत हवं. दवाखान्यासाठी ही यादी समजण्यासारखी आहे, कारण तिथं सरकारी पैसा खर्च होतो. पण तीच यादी पुढं पाळण्याच्या रांगेतही लागू होते, कारण खिडकीवरच्या मुलाकडं दुसरी यादीच नसते.

सैनिकांच्या सवलतींची गंमत अशी की प्रत्येकीची व्याख्या निराळी. टोलमाफीचा कायदा १९०१चा आहे. तो ड्यूटीवर असलेल्यांसाठी आहे, निवृत्तांसाठी नाही. तरी टोलनाक्यावर कार्ड दाखवून वाद घालणारे अप्पांचे दोन-तीन मित्र आहेत. उलट महाराष्ट्र सरकारनं २०२० मध्ये घरावरच्या मालमत्ता कराची माफी दिली ती माजी सैनिकांना. एकच माणूस एका खिडकीवर सैनिक असतो आणि दुसऱ्या खिडकीवर नसतो.

तुमच्या घरात कुणी फौजी असेल आणि अशी सहल ठरत असेल, तर निघण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, कार्डावर नाव आणि फोटो कुणाचा आहे. बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला स्वतःचं कार्ड दाखवावं लागतं. दुसरी, माजी सैनिकाचं किंवा वीरपत्नीचं ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळतं. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं ही कार्यालयं आहेत. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद घेऊन जावं लागतं. तिसरी, कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून तो चालेल असं समजू नका. आणि तो कुणाला व्हॉट्सॲपवर तर अजिबात पाठवू नका.

या तिसऱ्या मुद्द्यावर लोक चिडतात. सगळं डिजिटल झालंय, मग हेच का नाही? कारण तुम्हालाही माहीत आहे. जुनी गाडी किंवा फ्रिज विकायला टाकला की फोन येतो : मी आर्मीत आहे, बदली झाली, हे माझं आय-कार्ड, हे कॅन्टीन कार्ड, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर स्कॅन करा. कार्ड खऱ्या जवानाचं असतं, फोन करणारा खोटा. आपल्याकडं वर्दीवरचा विश्वास इतका आहे की चोरांनी त्याचाच धंदा केला. अमेरिकेत तर लष्करी ओळखपत्राची व्यापारी कामासाठी फोटोकॉपी काढायलाच कायद्यानं मनाई आहे. त्यामुळं ‘ओरिजिनल दाखवा’ हा शब्द ऐकला की मला राग येत नाही.

मला खरी अडचण दिसली ती मावसभावाच्या कार्डात.

तो अग्निवीर आहे. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३च्या सुमारास सुरू झालं, तो त्यातला. मुदत चार वर्षांची. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढं कायम घेणार, बाकीचे घरी येणार. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, त्यातला ३० टक्के वाटा सेवानिधीत जमा. निघताना सरकारचा तेवढाच वाटा आणि व्याज धरून साधारण ११.७१ लाख रुपये हातात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. नोकरीत असेपर्यंत लष्करी दवाखाना आणि कॅन्टीन आहे. बाहेर पडल्यावर ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही आणि ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. योजनेच्या अटींमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि भरती होताना त्यानं त्या वाचूनच सही केली.

त्या दिवशी सातांमध्ये सगळ्यात पक्कं कार्ड त्याचंच होतं. खिडकीवरच्या मुलानं ते बघून मान ताठ केली, “सर्व्हिंग? वेलकम सर.” संध्याकाळी परतताना गाडीत तो म्हणाला, “दादा, अजून एकच दिवाळी हे कार्ड हाय.” मग हसून म्हणाला, “नंतर मी बी तुझ्याच लायनीत.”

माझी लाईन म्हणजे पूर्ण दराची. मी त्या लाईनीत आहे कारण मी कधी सैनिक नव्हतो. तो चार वर्षं राहून त्याच लाईनीत येणार.

कामात मी रोज असे फॉर्म बनवतो. ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न आणि खाली पर्याय : सेवेत, माजी सैनिक, वीरपत्नी, आश्रित, यांपैकी नाही. २०२६ संपता संपता पहिली तुकडी बाहेर पडायला लागेल. नांदेड-लातूरच्या गावागावांत बावीस ते सत्तावीस वर्षांची ही पोरं परत येतील आणि प्रत्येक फॉर्मवर त्यांना ‘यांपैकी नाही’ निवडावं लागेल. यादीत नसलेला माणूस संगणकाला दिसत नाही, आणि संगणकाला दिसला नाही की खिडकीवरच्या मुलालाही दिसत नाही.

अमेरिकेतही डिस्नीचं ‘मिलिटरी सॅल्यूट’ तिकीट सेवेत असलेल्या किंवा निवृत्त सैनिकांना आणि त्यांच्या जोडीदारांनाच मिळतं. चार वर्षं करून बाहेर पडलेला साधारणपणे त्यात बसत नाही. पण तिथं असा माणूस कायद्यानं ‘व्हेटरन’ राहतो. दुकानात, हॉटेलात सवलत मागताना नोकरीचे सगळे कागद उघडे करावे लागू नयेत म्हणून २०१५ मध्ये खास कायदा झाला आणि २०१७च्या नोव्हेंबरात सरकारनं त्यांच्यासाठी ओळखपत्र सुरू केलं. ते पेन्शनचं कार्ड नाही. ते एवढंच सांगतं की या माणसानं नोकरी केली होती.

पेन्शन द्यावी की नाही, हा मोठा वाद आहे आणि तो संसदेत व्हायचा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांमध्ये माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा २०२२ मध्येच जाहीर झाल्या, तोही त्याच वादाचा भाग. पण थीम पार्कची सवलत हा काही सरकारी हक्क नाही. ती मालकाची मर्जी आहे. सरकारी यादी आहे तशी उचलायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. अग्निवीराला निघताना कौशल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते बघून तिकिटाचे तीनशे रुपये कमी करायला कुठल्याही अधिसूचनेची गरज नाही. फॉर्ममध्ये एक पर्याय वाढवायचा, एवढंच काम. माझ्यासारख्या माणसाचं ते अर्ध्या तासाचं काम आहे. मालकानं ‘हो’ म्हणायला किती वेळ लागेल, ते मला सांगता येत नाही.

आमच्या गावाकडं या बाबतीत फार हिशेब नसतो. फौजेतून आलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’. शिपाई असो, हवालदार असो, स्वयंपाकी असो. अप्पा आयुष्यात कधी मेजर नव्हते, तरी नांदेडच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फार कमी जणांना माहीत आहे. मावशीच्या गावातला हॉटेलवाला मावसभावालाही आत्ताच ‘या मेजर’ म्हणतो आणि चहाचे पैसे घेत नाही. २०२७ मध्येही तो घेणार नाही, कारण कार्ड त्यानं कधी बघितलेलंच नाही.

मावशीला मात्र तेवढ्यानं बरं वाटत नाही. परवा फोनवर तिनं मला विचारलं, “चहाचं जाऊ दे. उद्या ह्याचं दुखलं-खुपलं तर कोणतं कार्ड दाखवायचं?”