भिंतीमागचं पाणी

रमजान जवळ आला की आमच्या घरात रंगाचे डबे यायचे. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं आमचं झरी गाव. खाली काळी जमीन, त्यामुळे पावसाळ्यात भिंतींना ओल धरायचीच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. अम्मींच्या खोलीत बुरशीचे काळे ठिपके उमटले की आम्ही ते खरवडायचो आणि वरून रंग मारायचो. ईदला घर नवं दिसायचं. पहिल्या पावसात ठिपके परत हजर.

2024 च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. त्यानंतर ठिपके कपाटामागून वर चढले. अब्बांच्या उर्दू पुस्तकांना कुबट वास येऊ लागला. अम्मींना आधीपासूनच दमा. त्या भिंतीशेजारीच त्यांची जानमाज. सजद्यात गेल्या की खोकल्याची उबळ यायची. रात्री उशा रचून बसल्या-बसल्याच डोळा लागायचा. आम्ही पावसाला दोष देऊन मोकळे झालो.

एकदा तर शहाणपणा केला. ब्लीचिंग पावडर आणि फरशी धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र करून भिंतीला लावलं. असा वास सुटला की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि अम्मींना अंगणात आणून बसवावं लागलं. या दोन वस्तू एकत्र आल्या की विषारी क्लोरीन वायू तयार होतो, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. बहिणींनो, ही चूक तुम्ही करू नका.

डॉक्टरांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. इंग्लंडमधल्या रॉचडेल इथं अवाब इसहाक नावाचं दोन वर्षांचं सुदानी कुटुंबातलं लेकरू 2020 मध्ये गेलं. बापानं घरातल्या बुरशीची तक्रार केली होती. त्याला सांगण्यात आलं, वरून रंग मारा. घरातल्या बुरशीमुळेच मूल दगावलं, असा निर्णय 2022 मध्ये चौकशीत आला आणि पुढे त्याच्या नावानं कायदा झाला. ‘वरून रंग मारा’ हे ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

जानेवारीत परभणीहून वॉटरप्रूफिंगचे मिस्त्री आले. त्यांनी भिंतीला हातही लावला नाही. प्लास्टिकचा एक तुकडा चारही बाजूंनी चिकटवला आणि दोन दिवसांनी येतो म्हणाले. आले तेव्हा प्लास्टिकच्या आतून थेंब होते. म्हणजे ओल हवेतली नव्हती, भिंतीतली होती. ‘‘पाऊस थांबून किती महिने झाले? मग हे पाणी कुठलं?’’ त्यांनी विचारलं.

पाणी आमच्या वजूच्या नळाचं होतं. भिंतीत गाडलेल्या पाइपचा जोड झिरपत होता. कोपरा फोडून मिस्त्रींनी विचारलं, ‘‘पलीकडे काय आहे?’’

पलीकडे काकूंची धान्याची खोली. आम्ही गेलो. भिंतीला तसेच काळे ठिपके, आणि ज्वारीची पोती खोलीच्या मधोमध ओढलेली. दोन वर्षांत एक पोतं वाया गेलं होतं. काकू कधी बोलल्या नाहीत.

हे ऐकून अम्मी स्वतः काठी टेकत गेल्या. ‘‘वाहत्या नदीवर वजू केला तरी पाणी वाया घालवू नये, असं आम्ही पोरांना शिकवतो. आणि आमच्याच वजूच्या पाण्यानं तुमचं धान्य नासलं. माफ करा.’’ काकू म्हणाल्या, ‘‘भाभी, तुमची तब्येत अशी. त्यात आणखी काय बोलायचं?’’

मिस्त्रींनी आधी जोड बदलला. मग दाराला प्लास्टिक लावलं, तोंडाला मास्क बांधला आणि बुरशी उडू नये म्हणून भिंत ओलसर करून डागाच्या फूटभर वरपर्यंतचा गिलावा काढला. काकूंच्या बाजूचाही काढला. तो खर्च आमचा. पोत्याचे पैसे मात्र काकूंनी घेतले नाहीत, मग नव्या ज्वारीचं एक पोतं आम्ही त्यांच्या ओट्यावर ठेवून आलो. विटा पूर्ण सुकेपर्यंत नवा गिलावा नाही, असं मिस्त्रींनी बजावलं.

म्हणून त्या रमजानमध्ये अम्मींची भिंत उघडीच होती. ईदला आलेले पाहुणे विचारायचे, ‘‘यंदा रंग नाही दिला?’’ अम्मी हसून म्हणायच्या, ‘‘यंदा भिंत साफ केली.’’

खोकला पूर्ण गेलेला नाही. पण अम्मी आता आडव्या होऊन झोपतात, अल्हम्दुलिल्लाह. आणि पलीकडची पोती पुन्हा भिंतीला लागली आहेत.