घोडा सरळ ठेवताना

थरोब्रेड घोड्यांच्या शर्यतीत अडथळा कशाला म्हणावे हे नियमांनी पुरेसे स्पष्ट केले आहे: पुढे निघालेल्या घोड्याने मागच्यापासून सामान्यतः दोन लांब्यांचे, म्हणजे दोन घोड्यांच्या देहाइतके, अंतर तोडल्याशिवाय त्याच्या वाटेत शिरू नये, शेजारच्याला रेलकडे, म्हणजे धावपट्टीच्या आतल्या कठड्याकडे, दाबू नये, आणि दुसऱ्या जॉकीवर लगाम खेचण्याची पाळी आणू नये. 450 ते 500 किलोचे जनावर ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने धावत असते आणि त्याची एक झेप 7 मीटरच्या आसपास पडते, त्यामुळे मागच्याचा पुढचा खूर पुढच्याच्या टाचेला नुसता लागला तरी घोडा आणि स्वार दोघेही जमिनीवर येऊ शकतात. नियमाचा कठोरपणा या भीतीतून आला आहे, सभ्यतेच्या पुस्तकातून नव्हे. नियमाने ज्याचे उत्तर दिलेले नाही तो प्रश्न दिसायला लहान आहे, पण मूळच्या मराठवाड्यातल्या लोहाऱ्याच्या आणि पुण्याच्या रेसकोर्सवर शिकाऊ जॉकींना सकाळचे काम शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या प्रस्तुत लेखकाला तो अजून सुटलेला नाही: थकलेला घोडा कलू लागल्यावर, मारणे थांबवून त्याला सरळ करण्याआधी, जॉकीने किती वेळ ‘अजून थोडे’ म्हणावे?

घोडा कलतो त्याला स्वाराचा लबाडपणा क्वचितच कारण असतो. वळणावर तो आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीला ठेवून धावतो आणि सरळ पट्टीत आल्यावर पाय बदलतो. हा बदल झाला नाही किंवा उशिरा झाला, की दमलेला देह एका अंगाला झुकतो. दुखरी नळी, टोचणारी दाढ, पावसाळी मोसमात पुण्याला रेलजवळ झालेला चिखल, यांतले काहीही पुरते. त्यात चाबूक उजव्या हातात असेल तर घोडा माराच्या उलट, म्हणजे डावीकडे, सरकणारच, आणि डावीकडे कोणी असेल तर जिंकवणारा प्रत्येक फटका हाच अडथळ्याचा फटका ठरतो. शेवटच्या 400 मीटरमध्ये घोडा सांगून कलतो: एका बाजूचा कान मागे पडतो, जबडा तोंडातल्या लोखंडी कडीवर सरकतो, एका हातातला लगाम जड होतो आणि दुसऱ्यातला एकदम हलका. हे सारे एका झेपेत, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत उरकते. तेवढ्यात हात थांबवून विरुद्ध बाजूचा लगाम उघडणाऱ्या जॉकीचा घोडा सरळ राहतो, पण त्याची लय मोडते आणि निकालाच्या खांबाशी ती मोडलेली लय एका मानेइतकी भरते. जो आणखी दोन झेपा मारत राहतो तो बहुधा जिंकतो, आणि त्या दोन झेपांत शेजारच्याला लागले की नाही हे निम्मे नशिबावर असते. बोटांचे सांधे आखडून घोड्यावर बसणे सुटल्यापासून प्रस्तुत लेखक हे सगळे फिल्मवर पाहतो, आणि डोळ्याला दिसते ते हाताला आधीच कळून गेलेले असते, ही गोष्ट त्याला या वयात नव्याने समजली आहे.

जगभरच्या नियमांचा भर या अर्ध्या सेकंदावर नसून त्याच्या परिणामावर आहे. स्टुअर्ड्स, म्हणजे शर्यतीचे पंच, घोड्याचा क्रम आणि जॉकीचा दोष या दोन गोष्टी वेगळ्या तोलतात, हे योग्यच आहे. वाद आहे तो क्रमाचा. आंतरराष्ट्रीय रेसिंग महासंघाने मान्य केलेल्या पहिल्या पद्धतीनुसार, अडथळा झाला नसता तर त्रास झालेला घोडा त्रास देणाऱ्याच्या पुढे आला असता अशी पंचांची खात्री झाली तरच क्रम बदलतो. अमेरिकेत चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत दुसऱ्याची संधी हिरावली गेली एवढे क्रम खाली जायला पुरेसे ठरते. 2019 च्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटी पावणेदोन लांब्यांनी पहिला आला, पण वळणावर बाहेर सरकल्याबद्दल पंचांनी 22 मिनिटे फिल्म पाहून त्याला थेट 17 व्या क्रमांकावर, त्रास झालेल्या लाँग रेंज टॉडीच्या मागे, बसवले आणि 65 ला 1 भावाचा कंट्री हाउस विजेता झाला. पहिल्या पद्धतीत ही उलथापालथ होणे फार अवघड होते, कारण लाँग रेंज टॉडी मोकळी वाट मिळूनही त्या दिवशी जिंकला असता असे म्हणणारा माणूस सापडणे कठीण. जपानमध्ये 1991 च्या शरद ऋतूतल्या तेन्नो शो शर्यतीत मेजिरो मॅक्विन सहा लांब्यांनी जिंकूनही 18 वा, म्हणजे शेवटचा, ठरवला गेला होता. 2013 पासून तो देश पहिल्या पद्धतीकडे आला आणि 2018 मध्ये फ्रान्स व जर्मनीही आले. पहिली पद्धत पैसे लावणाऱ्याला समजते, तिच्यात शेवटच्या पाचांतल्या घोड्याच्या नावाने पहिल्याचा बळी जात नाही. पण ती जॉकीच्या कानात हेही सांगते की सपशेल जिंकणार असशील तर थोडे ढकलले तरी बक्षीस घरी येईल आणि निलंबनाचे काही दिवस तेवढे भोगावे लागतील. या कारणाने प्रस्तुत लेखकाचा कल, जुनाट म्हटले गेले तरी, दुसऱ्या पद्धतीकडे आहे.

दोन्ही पद्धतींना एक माणूस दिसत नाही. ज्याने अर्धा सेकंद आधी हात थांबवला, शेजारच्याला धक्का बसू दिला नाही आणि मानेने हरला, त्याच्याबद्दल चौकशी होत नाही, ऑब्जेक्शन लागत नाही, अहवालात ओळ येत नाही. प्रेक्षकांसमोरचे चित्र बाजूने घेतलेले असते आणि त्यात आडवी हालचाल कळत नाही. समोरून घेतलेल्या फिल्मवर ती कळते, पण न घडलेली हालचाल तिथेही कशी दिसणार? खिलाडूपणा म्हणतात तो या खेळात पराभवासारखा दिसतो, आणि स्टँडमध्ये त्याला ‘घोडा धरला’ अशी शिवीही बसते. प्रस्तुत लेखकाचा अहंकार नेमका या जागी बसलेला आहे: आपल्या हाताखालच्या मुलांची नावे निलंबनाच्या यादीत येत नाहीत हे तो येताजाता ऐकवतो, त्यांनी जिंकलेल्या शर्यतींचा आकडा मात्र कोणी विचारला तरच सांगतो, कारण तो ऐकवण्यासारखा नाही.

या कसबातले दुसरे उस्ताद मुलाच्या हातात पहिल्या महिन्यात चाबूक देतात आणि रेष नंतर शिकवतात, हे त्याला कधीच पटलेले नाही. त्याहून वाईट म्हणजे नाटकाची साथ: शेजारचा घोडा वीतभर जवळ आला तरी रिकिबीत उभे राहून लगाम खेचल्याचे सोंग करणारे जॉकी आता पंचांच्या मनोऱ्याकडे पाहूनच उभे राहतात. देशी शर्यतींनी अडथळ्याचा हा पेच आपापल्या परीने सोडवलेला दिसतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा एकेकटा सुटतो आणि निकाल सेकंदांवर लागतो, म्हणजे तिथे अडवायला शेजारीच नाही. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना कायद्याचा आधार कायम ठेवला तेव्हा चर्चा झाली ती बैलांच्या हालांची. मराठवाड्याकडे घोड्याची पारख अजून वेगळी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा अंगावरचे केसांचे भोवरे पाहतो, रवाल चाल पाहतो. पळताना तो सरळ राहतो का, असे विचारणारे गिऱ्हाईक दुर्मिळ. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या लोहारा, उमरगा, तुळजापूर या पट्ट्याला रेस म्हणजे हैदराबादचे मलकपेट एवढेच माहीत होते, आणि मुंबईच्या महालक्ष्मीचे मैदान तिथल्या माणसासाठी आजही सिनेमातले मैदान आहे.

त्याच पट्ट्यातला, वजनाने हलका आणि हाताने मऊ असा एक शिकाऊ जॉकी गेल्या पावसाळी मोसमात पुण्याला कलता घोडा सरळ करून मानेने हरला. पुढच्या शर्यतीत मालकाने त्या घोड्यावर दुसरा जॉकी बसवला. प्रस्तुत लेखकाला वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी त्याने ती समोरून घेतलेली फिल्म बाकीच्या मुलांना पुन्हा पुन्हा लावून दाखवली, थांबलेल्या हातावर बोट ठेवले आणि हे कोणी शिकवले ते न सांगताही सर्वांना कळेल याची काळजी घेतली. मुलगा त्या कौतुकाने खूश झाला नाही. हात थांबवायची वेळच का यावी, पाय बदलताना चाबूक डाव्या हातात घेतला असता तर त्याच माराने घोडा परत रेषेवर आला असता आणि शर्यतही हातची गेली नसती, असे त्याने सगळ्यांसमोर विचारले. भर वेगात, लय न मोडता चाबूक या हातातून त्या हातात नेणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या डाव्या हाताला ती उमेदीच्या काळातही नीट बसलेली नव्हती. ती शिकायला तो मुलगा सध्या आठवड्यातले काही दिवस पहिल्या महिन्यातच चाबूक हातात देणाऱ्या एका उस्तादाकडे जातो.