जमेला धरलेली माती

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो आणि फळ्यावर देशांची उतरंड लावायचो. इंडोनेशिया माझा लाडका. १९७१ ते १९८४ या काळात वर्षाला सरासरी सात टक्क्यांवर वाढ! "नाहीतर आपण, साडेतीनवर रुतलेले," असं मुलांना हिणवायचोही.

त्याच सुमारास धाकट्या भावाने ओढ्याकाठच्या तुकड्यातली फूटभर काळी माती वीटभट्टीला विकली आणि घरच्या वहीत ती रक्कम जमेला मांडली. मी भडकलो. "अरे, हे उत्पन्न नव्हे, मुद्दल विकलंस तू!"

"रोकड आली ती जमाच की, दादा," तो म्हणाला.

सोमवारी वर्गात जाऊन मी पुन्हा इंडोनेशियाचे गोडवे गायलो. घरी ज्यावरून भांडलो तेच वर्गात शिकवतोय, हे डोक्यातही आलं नाही.

ते आलं अर्थतज्ज्ञ रॉबर्ट रेपेटो आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा अहवाल वाचला तेव्हा. इंडोनेशियाच्या त्याच वर्षांचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. तेलाचे साठे, जंगल आणि जावातली माती यांतली घटवाढ धरली, तर ७.१ टक्क्यांचा दर ४ वर येत होता. यंत्र झिजलं की आपण घसारा वजा करतो. जंगल तुटलं की लाकडाची किंमत सरळ जमेला. वीटभट्टीचे पैसेच मी वर्षानुवर्षं कौतुकाने मोजत होतो.

तेव्हापासून तुलना बदलली. तेल उपसणाऱ्या नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून निधी उभारला. जमिनीखालचं मुद्दल निदान दुसऱ्या रूपात राहिलं. फॉस्फेटवर श्रीमंत झालेल्या चिमुकल्या नाउरूनेही निधी केला होता. तो उधळपट्टीत आणि फसलेल्या गुंतवणुकीत विरला, आणि बेटाचा मधला भाग खणून ओसाड झाला.

निसर्गाची झीज वजा करणाऱ्या नव्या पट्टीचीही मी आरती करत नाही. जागतिक बँकेच्या 'समायोजित निव्वळ बचती'त शिक्षणावरचा खर्च जमेला धरतात, म्हणून तो वाढला की तुटलेलं जंगल कागदावर भरून निघतं. ओढ्याला पूर येतो तेव्हा तो कागद कामाला येत नाही.

भावाच्या त्या तुकड्यात अजून पावसाळाभर पाणी साचतं. निवृत्तीपर्यंत मी फळ्यावर विकासदर लिहीतच राहिलो. फक्त शेजारी आणखी एक रकाना आखायचो: 'काय विकून?'