बसू दे त्याला

गहू तीन दिवस भिजत. आजी रोज सकाळी त्यांचं पाणी बदलायची, तरी चौथ्या दिवशी माजघरात तो आंबूस वास भरून राहायचाच. हा वास आवडतो असं कुणी म्हणत नाही, पण त्याच्याशिवाय उन्हाळा लागल्यासारखा वाटत नाही. मग वाटण, मग पंच्यातून पिळणं. चोथा म्हशीपुढे जाई आणि दुधासारखं पांढरं पाणी कल्हईच्या मोठ्या पातेल्यात. संध्याकाळी त्यावर ताट झाकलं की आजीचा एकच हुकूम: "हात लावायचा नाही कुणी. बसू दे त्याला."

आमचा जीव कुरडयांत नव्हता. आम्हाला हवा होता गरम चीक, दूध-साखर घालून. त्यामुळे तासाभरात कुणीतरी ताट सरकवून बोट बुडवायचंच. बोटाला तळाशी लगदा लागायचा. "आजी, बसला की गं!" आजी बोट धुवायला लावायची आणि म्हणायची, "जाड बसलं. बारीक अजून फिरतंय."

हे वाक्य मला पुढे कॉलेजात पुन्हा भेटलं, समीकरणाच्या वेषात. जॉर्ज स्टोक्स या गणितज्ञाने १८५१ साली मांडलेला नियम सांगतो की द्रवात खाली उतरणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. गव्हाच्या पिठूळ सत्त्वातले मोठे कण वीसेक मायक्रॉनचे. त्यांना साध्या पाण्यात दहा सेंटीमीटर उतरायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दोन मायक्रॉनचा कण व्यासाने दहापट लहान, पण त्याला वेळ लागतो शंभरपट, म्हणजे दिवस उलटून जातो. आजी रात्रभर थांबायची ती उगाच नाही. सकाळी ती पातेलं एका अंगाला कलतं करून वरचं पिवळट पाणी हलकेच ओतून द्यायची आणि चिकावर शेवटी बसलेला तपकिरी थरही डावाने खरवडून काढायची. तो ठेवला तर कुरडई काळपट होते, एवढंच तिचं शास्त्र.

पावसाळ्यात मात्र तिला एवढा धीर नसे. नदीला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटीचा खडा चार वेळा फिरवायची. मातीचे अगदी बारीक कण एकटेच उतरायचे म्हटले तर दिवसच्या दिवस घेतात. त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा भार मारतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजका मोठा म्हणून भराभर खाली जातो. खाडीच्या तोंडाशी समुद्राचं मीठही मातीला असंच एकत्र आणतं, तिथल्या चिखलामागे तेही एक कारण आहेच. तुरटी नसेल तिथे निवळीचं बी मडक्याला आतून घासत. हा उपाय सुश्रुताच्या काळापासूनचा. झाडाला त्याच्या कामावरून नाव मिळावं, असा मान फार थोड्या झाडांना आहे.

नोकरी लागली ती एका औषध कारखान्यात, आणि तिथे सगळं उलटं. द्रवात न विरघळणारी औषधाची पूड तरंगती ठेवायची. ती बसली तर वरचा चमचा फिका आणि तळाचा चमचा जालीम. मी हुशारी केली. कणांवर भार चढेल असं द्रव्य घातलं, म्हणजे ते एकमेकांच्या वाटेला जाणार नाहीत. आठवडाभर बाटल्या एकसारख्या दुधाळ. मी खूश. दोन महिन्यांनी त्याच बाटल्या उलट्या केल्या तर तळाला सिमेंट. काच फुटली असती, थर सुटला नसता.

एकमेकांपासून फटकून राहणारे कण सावकाश उतरतात खरे, पण एकेकटे उतरत असल्यामुळे फटी न ठेवता रचले जातात. पुंजक्यांनी उतरणारे कण लवकर बसतात, पण मध्ये भरपूर पाणी धरून, कापूस पिंजून ठेवल्यासारखे. बाटली हलवली की परत पसरतात. (इथून माणसांवर घसरायचा मोह होतो. तो आवरतो.) तेव्हा उपाय असा की कणांना बेतानेच पुंजके करू द्यायचे आणि द्रवात थोडा झँथनसारखा डिंक घालायचा. तो स्वस्थ असताना दाट राहून कणांना धरून ठेवतो आणि हलवल्यावर पातळ होतो. प्रमाण चुकलं तर औषध नव्हे, खळ होते. माझ्या तीन बॅच गेल्या.

कण पुरेसा बारीक असला तर तो बसतच नाही. पाण्याचे रेणू त्याला चहूकडून इतके धक्के देतात की गुरुत्वाकर्षणाचं काही चालत नाही. मायकेल फॅरडेने १८५०च्या दशकात सोन्याचे असे कण पाण्यात पसरवले होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच्या बाटल्या जपून ठेवल्या आहेत आणि त्यातलं पाणी अजून लालसर आहे. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग त्याच्या कुरडया कशा घालणार?"

घरात पोराबाळांच्या औषधाची दुधाळ बाटली असेल तर तिच्यावर 'हलवून घ्या' असं छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही. आज ती बाटली उलटी करून उजेडात धरा. जोराने हलवूनही तळाचा थर सुटला नाही, तर त्यातला एकही चमचा मुलाला देऊ नका.