सदतीस मॅच, तीन गोल

कोल्हापूर,
रविवार, रात्र

चि. सोन्या,


परवा तू फोनवर म्हणालास, "मामा, सहा मॅच झाल्या आणि मिळून एकेचाळीस मिनिटं खेळलोय. परत येऊ का?" मी म्हणालो, "घाबरू नकोस, कष्ट कर." फोन ठेवला आणि माझं मलाच वाईट वाटलं. कष्ट तर तू करतोसच. ते ऐकण्यासाठी कुणी रात्री दीड वाजता जागं राहून मामाला फोन लावत नाही. तुला काहीतरी वेगळं विचारायचं होतं आणि मला ते त्या क्षणी सुचलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून आज कागद घेऊन बसलोय.

तुला बायचुंग भुतिया ठाऊक आहे तो भारताचा कॅप्टन म्हणून. मला तुला त्याची इंग्लंडमधली तीन वर्षं सांगायची आहेत. ती कुणी नीट सांगत नाही. एका ओळीत उरकतात.

आधी तो कुठून गेला ते बघ. सिक्कीममधल्या तिंकिताम गावचा, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. नवव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून गंगटोकला शिकायला गेला, सोळाव्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये. 13 जुलै 1997 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर फेडरेशन कपची सेमीफायनल झाली, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. मैदानात एक लाख एकतीस हजारांवर माणसं. ईस्ट बंगालने 4-1 ने जिंकली आणि त्यात भुतियाची हॅट्‌ट्रिक. तालमीच्या कट्ट्यावर मी ती बातमी दोनदा मोठ्याने वाचून दाखवली होती. शाहू स्टेडियम भरलं की आपल्याला गगन ठेंगणं होतं. तिथे तेवढी कितीतरी स्टेडियमं एका जागी बसली होती, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव.

तोच पोरगा दोन वर्षांनी बेरीला गेला. मँचेस्टरच्या उत्तरेला लागूनच आहे ते गाव. त्याआधी फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच, ॲस्टन व्हिला अशा ठिकाणी ट्रायल देऊन झाल्या होत्या, कुणी घेतलं नव्हतं. बेरीचा संघ त्याच वर्षी एक पायरी घसरून तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये आला होता. त्यांच्या गिग लेन मैदानात जेमतेम बारा हजार माणसं मावतात, आणि एरवी त्यातल्या निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. क्लब मात्र जुना, 1885 चा. 1903 ची एफए कप फायनल त्यांनी डर्बी काउंटीला 6-0 ने हरवून जिंकली होती. 22 वर्षांचा भुतिया 30 सप्टेंबर 1999 ला तिथे करारावर सही करतो. युरोपातल्या क्लबशी असा करार करणारा तो पहिला भारतीय.

आता तारखा नीट वाच. सीझन ऑगस्टमध्ये सुरू झालेला. याचं वर्क परमिट येईपर्यंत संघ बसलेला, जागा वाटून झालेल्या. तुझंही तेच झालं ना, व्हिसापायी? 3 ऑक्टोबरला कार्डिफ सिटीविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून पहिल्यांदा उतरला. डिसेंबरच्या सुरुवातीलाच मॅनेजर नील वॉर्नॉक क्लब सोडून शेफील्ड युनायटेडला गेला. ज्याच्या हाताखाली हा आला, तो माणूसच दोन महिन्यांत गेला. मग सूत्रं आली अँडी प्रीसकडे. तो स्वतः फॉरवर्ड आणि अजून खेळत होता. लीगमधला भुतियाचा पहिला गोल झाला 15 एप्रिल 2000 ला, चेस्टरफील्डविरुद्ध.

ऑक्टोबर ते एप्रिल. साडेसहा महिने, सोन्या. मी फॉरवर्ड होतो म्हणून मला ते महिने वाचता येतात. ओळीने चार मॅच माझा गोल झाला नाही तर पेठेतली माणसं तुझ्या आजीला भाजी घेताना विचारायची, "पोरगं आजारी हाय काय?" मी गल्ली बदलून घरी यायचो. भुतियाला बदलायला गल्लीही नव्हती. इथे सव्वा लाख माणसांनी नाव घेतलेला खेळाडू तिथल्या थंडीत अंगावर जाकीट घालून बाकावर बसायचा. उतरायला मिळालं तर समोर त्याच्याहून उंच, त्याच्याहून जड बचावपटू. वरून येणारे लांब चेंडू, खांद्याचे धक्के, हिवाळ्यातलं चिखलाचं मैदान. आपल्याकडे त्याला चेंडू पायात मिळायचा आणि तो वळायचा. तिथे वळायला सवडच नव्हती. त्या महिन्यांत त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो परत सरावाला गेला, एवढं त्या एप्रिलच्या गोलावरून कळतं.

पुढचं भराभर सांगतो. गुडघा दुखावला. क्लबचे पैसे संपत आले. 2002 मध्ये बेरी आणखी एक दर्जा खाली घसरला आणि भुतिया परत आला. हिशेब लागला तो असा: लीगच्या सदतीस मॅच, तीन गोल. इथल्या लोकांनी तेवढं वाचून निकाल दिला की त्याला जमलं नाही. तेव्हा कट्ट्यावर मीही मान डोलावली होती. आज मला ती मान डोलावल्याची खंत वाटते.

कारण पुढचं वर्ष बघ. परत येऊन तो मोहन बागानकडे गेला आणि दुखापतीने तो सीझनही बराचसा वाया गेला. लोक म्हणाले, संपला. मग तो पुन्हा ईस्ट बंगालकडे आला, आणि जुलै 2003 मध्ये ईस्ट बंगाल जाकार्ताला आसियान क्लब स्पर्धा खेळायला गेलं. फिलिपीन आर्मीविरुद्ध 6-0. सहाच्या सहा गोल भुतियाचे. फायनलमध्ये थायलंडच्या बीईसी टेरो सासनाला 3-1 ने हरवून कप आणला, त्यातही त्याचा एक गोल. स्पर्धेत सगळे मिळून नऊ. परदेशातून हात हलवत परत आला असं ज्याच्याबद्दल बोललं गेलं, त्याने परदेशातच जाऊन कप उचलून आणला. बेरीच्या बाकावर तो काय शिकला हे मोजायला कुठलं माप नाही. पण बचावपटूला पाठीवर घेऊन जागा धरणं आणि मिळालेल्या एका क्षणासाठी तयार असणं तो तिथेच शिकला असावा, असं मला मनापासून वाटतं.

त्याच्याही फार आधी, 1936 साली, कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम ग्लासगोच्या सेल्टिककडे गेला होता. तो अनवाणी खेळायचा. एका फोटोत प्रशिक्षक जिमी मॅकमेनमी वाकून त्याच्या पायाला पट्ट्या बांधतोय. पांढऱ्या पट्ट्या, घोट्यापर्यंत घट्ट. मी तो फोटो कितीदा पाहिला असेन. मॅच दोनच, त्याही राखीव संघाकडून, आणि दोन्हीत लोकांना वेड लावलं. तरी घरची ओढ लागली म्हणून तो परत आला. तो हरला असं मला कधीच वाटलं नाही. तू आलास तर दारात मी उभा असेन, हे तुला वेगळं सांगायला नको.

फक्त क्लबने खेळवलं नाही म्हणजे आपली लायकी ठरली, असं मनात आणू नकोस. क्लबही माणसांनीच चालवलेले असतात, चुकतात, बुडतात. ज्या बेरीने भुतियाला बाकावर बसवलं, त्याच बेरीला देणी भागवता आली नाहीत म्हणून 27 ऑगस्ट 2019 ला लीगमधून काढून टाकलं. गिग लेनला कुलूप लागलं. ती बातमी वाचून मला आपलंच कुणी गेल्यासारखं झालं होतं. 2023 मध्ये तिथे पुन्हा खेळ सुरू झाला, तेव्हा बरं वाटलं.

तुझी आई शेंगदाण्याची चटणी आणि तिखट पाठवतेय, पार्सल सोमवारी निघेल. त्यात मी गुडघ्याची पट्टी ठेवली आहे. ओल्या मैदानावर कुठले स्टड घालतोस ते कळव, मागच्या व्हिडिओत दोनदा वळताना तुझा डावा पाय सरकला. आणि यापुढे किती मिनिटं मिळाली ते मला सांगू नकोस. मिळालेल्या मिनिटांत चेंडू कुठून आला, तेव्हा तू कुठे होतास आणि तुला मार्क करणारा गडी कुठल्या बाजूला होता, ते लिही.

तुझा,
मामा